तिखट अंगवळणी पडतं तेव्हा

कोल्हापुरात सकाळी मिसळ खायला गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. एकाच टेबलावर दोघे समोरासमोर बसलेले. दोघांच्या पुढ्यात एकाच पातेल्यातून वाढलेला कट. एकाचं कपाळ घामानं डबडबलेलं, नाकाला रुमाल, दर घासाला पाण्याच्या ग्लासाकडे हात. दुसरा पावाचा तुकडा शांतपणे बुडवतो, खातो, गप्पा मारतो आणि वाढप्याला हाक देतो, "कट आण अजून!" मिरची तीच, मसाला तोच, तेल तेच. मग एकाच्या तोंडात जाळ आणि दुसऱ्याच्या तोंडात नुसती चव, हे कसं?

याचं एक उत्तर आपल्याकडे तयार असतं: "त्याच्या रक्तातच तिखट आहे." मला ते पटत नाही, आणि न पटायला इतिहासाचं कारण आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. तोवर आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. मिरचीला नावसुद्धा मिरीवरूनच मिळालं. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरची चढलेली नव्हती. पूर्वजांनी जी वस्तू सहाशे वर्षांपूर्वी पाहिलीही नव्हती, ती रक्तात कुठून येणार? ती ज्यानं त्यानं आपापल्या आयुष्यात अंगवळणी पाडून घेतलेली असते. मोठेपणीसुद्धा ती पाडून घेता येते. हे मी आमच्याच घरात पाहिलं.

माझी वहिनी रत्नागिरीजवळच्या गावातली. तिच्या माहेरी आमटीत आमसूल, गूळ आणि वरून ओलं खोबरं. हिरवी मिरची पडायची ती मोडून, वासापुरती. आंबा घाट चढून ती आमच्याकडे आली ती थेट कांदा-लसूण चटणीच्या मुलखात. आमच्याकडे चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची ती नव्हे. वर्षभरासाठी मसाला घालून कुटून ठेवलेलं लाल तिखट, ती चटणी. पहिल्याच जेवणात वहिनीनं कालवणाचा एक घास घेतला आणि तिला उचकी लागली. डोळ्यांत पाणी आलं, पण नवी सून, ताटावरून उठणार कशी? आईच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून डाळ शिजली की आई वाटीभर बाजूला काढायची, तिला नुसती हिंग-मोहरीची फोडणी द्यायची आणि वहिनीला म्हणायची, "हे खा. आणि कालवणातलं चमचाभर वर घाल. गडबड काय हाय? कालवण कुठं पळून चाललंय?"

वर्षभरानं वहिनी ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खात होती. या वर्षभरात तिच्या तोंडात नेमकं काय बदललं, हे समजून घेण्यासाठी आधी तिखट म्हणजे काय ते पाहायला हवं.

तिखट ही चव नव्हेच

आपण गोड, आंबट, खारट, कडू यांच्या रांगेत तिखटही बसवतो. आयुर्वेदानं सहा रसांत त्याला जागा दिली आहे. (तिथलं नाव मात्र चकवणारं आहे. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत येईपर्यंत कटूचा 'कडू' झाला आणि अर्थ पार फिरला.) आजचं शरीरशास्त्र जिभेवरच्या चवी पाच मानतं: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्यात किंवा पिकलेल्या टोमॅटोत असतो तो भरलेपणा. तिखट या यादीत नाही.

याची परीक्षा स्वयंपाकघरात रोज होते. साखर तळहातावर चोळली तर हाताला गोड लागत नाही. पण दहा-बारा हिरव्या मिरच्या चिरल्या की तासभर बोटं चुरचुरतात, आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला तर काय होतं ते सांगायला नको. चव फक्त तोंडात कळते. तिखट जिथे जिथे वेदना पोचवणारे मज्जातंतू आहेत तिथे कळतं. आपल्या भाषेला हे फार पूर्वीच उमगलं असावं. 'तिखट' हा शब्द 'तीक्ष्ण' वरून आलेला आहे. जे टोचतं, ज्याला धार आहे, ते तिखट.

मिरचीतलं टोचणारं रसायन म्हणजे कॅप्सेसिन. ते मज्जातंतूला नेमकं कुठे पकडतं, याचा शोध १९९७ मध्ये लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना जाणवणाऱ्या पेशींमधली जनुकं एकेक गठ्ठ्यानं घेऊन, ज्यांना मिरचीचं काहीच वाटत नाही अशा पेशींत घातली. कोणत्या जनुकामुळे त्या पेशी मिरचीला 'ओय' म्हणू लागतात, ते शोधत गेले. सापडलं एक प्रथिन, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

हे प्रथिन म्हणजे मज्जातंतूच्या टोकाला बसवलेलं एक इवलंसं दार समजा. एरवी ते बंद असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते उघडतं, आणि मेंदूकडे निरोप जातो: भाजतंय, सांभाळ. उकळत्या चहाचा घोट घेताना जीभ मागे खेचली जाते ती याच दारामुळे. कॅप्सेसिन जाऊन त्या दाराच्या फटीत पाचर मारतं. मग तोंडाचं तापमान नेहमीचं ३७ अंश असलं तरी दार उघडं राहतं आणि मेंदूला तोच निरोप जातो.

म्हणून "तोंड भाजलं", "जीभ पोळली" असं आपण म्हणतो त्यात अतिशयोक्ती काहीच नाही. मेंदूला मिळालेला निरोप शब्दशः तोच असतो. त्याला तो खरा वाटतो आणि तो आग विझवण्याची तयारी करतो: कपाळावर घाम, नाकाला धार, डोळ्यांत पाणी, तोंडात लाळ. प्रत्यक्षात काहीच जळलेलं नसतं. मिसळीवर कडक चहा घेतला तर तोंड आणखी पेटतं, कारण पाचर मारलेल्या दाराला आता खऱ्या उष्णतेचाही धक्का बसतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची चटणी डंकावर कुटून आणतात. मी लहानपणी आईबरोबर जायचो. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी मुसळं धाड धाड आपटत असतात, उखळीतून लाल धूर उठतो, आणि दारात पाय ठेवल्याबरोबर ठसका लागतो. अजून मिरचीचा कणही जिभेवर आलेला नसतो, तरी घसा खवखवतो आणि शिंकांवर शिंका येतात. डंक चालवणाऱ्या बाई नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधून, डोळे किलकिले करून बसायच्या आणि चाळणीतून पडणारी चटणी बोटांनी दाबून बघायच्या. तेव्हा मला वाटायचं, चटणीचा वास इतका उग्र असतो. तो वास नव्हताच. नाकात, घशात, डोळ्यांत तीच दारं असतात आणि हवेतून आलेली पूड ती ठोठावत असते.

हे पाखरांसाठी होतं

मिरचीनं असलं रसायन बनवलं तरी कशाला? उत्तर पिंजऱ्यातल्या पोपटाकडे आहे. त्याला हिरवी मिरची दिली तर तो एका पायात धरून मजेत सोलून खातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पक्ष्यांच्याही मज्जातंतूंना उष्णतेची दारं असतात, पण त्यांच्या दारांच्या घडणीत थोडा फरक आहे. कॅप्सेसिनची पाचर तिथे बसतच नाही. २००१ मध्ये जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी अमेरिकेत रानमिरच्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उंदरासारखे प्राणी मिरची टाळतात, पक्षी खातात. उंदरांच्या दाढांखाली बी भरडून जातं. पक्ष्याच्या पोटातून ते धड बाहेर पडतं आणि दूर कुठेतरी रुजतं. रोपाला कोणतं गिऱ्हाईक हवं आणि कोणतं नको, हे त्यानं कॅप्सेसिननं ठरवून टाकलं. पुढे बोलिव्हियातल्या रानमिरच्यांत असंही दिसलं की हेच रसायन बी कुजवणाऱ्या बुरशीलाही आवर घालतं.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत कॅप्सेसिन तयार होतं आणि तिथून ते बियांना लागतं. बिया झटकल्या आणि शीर तशीच ठेवली तर मिरची जवळजवळ तेवढीच तिखट राहते.

फ्यूज उडतो

आता मूळ प्रश्न. दार जर पाचर मारून उघडं ठेवलं, तर ते रोजच तितकंच उघडायला हवं. सवय होते ती कुठे?

दार उघडलं की मज्जातंतूत कॅल्शियम शिरतं. निरोप जातो तो त्या धामधुमीत. पण ते कॅल्शियम आत जाऊन आणखी एक काम करतं: दाराचीच यंत्रणा थंडावून टाकतं. घरात इस्त्री, गिझर आणि मिक्सर एकदम लावले की एमसीबी खाली पडते ना, तसंच. प्रवाह जास्त झाला म्हणून प्रवाहानंच खटका पाडला. मग काही वेळ बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. मज्जातंतूच्या टोकाचंही असंच होतं. मिरची समोर असते, पण दार पूर्वीसारखं उघडत नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट. निरोप पुढे पोचवायला मज्जातंतूच्या टोकाशी काही रसायनांचा साठा असतो. वरचेवर निरोप गेले की तो साठा उपसला जातो, आणि गच्चीवरची टाकी भरायला वेळ लागावा तसा तो भरायलाही वेळ लागतो.

गेल्या शतकाच्या मध्याला हंगेरीत मिकलोश यान्चो यांनी हे जनावरांवर पाहिलं होतं. कॅप्सेसिन पुनःपुन्हा दिलं की त्या जनावरांना इतर झोंबणाऱ्या रसायनांचाही त्रास वाटेनासा होतो. त्या वेळी टीआरपीव्ही-१ कुणालाच माहीत नव्हतं, तरी निरीक्षण पक्कं होतं. त्यातूनच पुढे औषध निघालं. नागीण बरी झाल्यावरही काही जणांना त्या जागी महिनोन् महिने भयंकर ठणका राहतो. त्यासाठी आठ टक्के कॅप्सेसिन असलेली पट्टी डॉक्टर तासभर कातडीवर लावतात. त्या भरमसाठ मात्रेनं मज्जातंतूंची टोकं मागे सरतात, छाटलेल्या मेंदीसारखी, आणि काही महिन्यांत पुन्हा वाढतात. तोवर रुग्णाला आराम. सांधेदुखीच्या काही मलमांत मिरचीचा हाच अर्क सौम्य प्रमाणात असतो. वेदना देणारा पदार्थ वेदना शमवायला वापरला जातो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

दोन घासांमधला वेळ

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अगदी साधी आहे, आणि नेमकी तीच बहुतेकांना ठाऊक नसते.

मिसळ खाताना पहिला घास सोसतो. दुसरा जरा चढतो. पाचव्या-सहाव्या घासाला कानशिलं तापतात. सवय जर मज्जातंतू थकून होत असेल, तर सहावा घास पहिल्याहून सौम्य लागायला हवा. तो जहाल का लागतो?

बॅरी ग्रीन या अमेरिकन संशोधकानं १९८९ मध्ये याचा छडा लावला. त्यानं लोकांच्या जिभेवर मिनिटामिनिटाच्या अंतरानं कॅप्सेसिन लावलं, तेव्हा दर वेळी जळजळ वाढत गेली. मग मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती दिली आणि तेवढंच कॅप्सेसिन पुन्हा लावलं. आता जळजळ आधीपेक्षा कमी होती. घास एकामागून एक आले की दारं अधिकच संवेदनशील होत जातात. मध्ये उसंत मिळाली की खटका पडतो. विश्रांतीनंतर पुन्हा सपाट्यानं खाऊ लागलं तर जळजळ परत चढते, हेही त्यानं पुढे दाखवलं.

आता पुन्हा त्या टेबलाकडे पाहा. घामाघूम झालेला माणूस घास संपवायच्या घाईत असतो. एकदाचं उरकावं म्हणून तो भराभर खातो आणि दर घासाला जाळ वाढवतो. समोरचा पाव बुडवतो, दोन वाक्यं बोलतो, कांदा चावतो, मग पुढचा घास. त्याच्या खाण्याच्या लयीतच उसंत आहे. आईनं वहिनीला सांगितलेलं "गडबड काय हाय" हे नुसतं धीर देणं नव्हतं. आईनं विज्ञानाचं एक पानही वाचलेलं नाही, पण तिचं म्हणणं पंधरा आणे बरोबर होतं.

एका बैठकीत डोळे मिटून सोसलं म्हणजे सवय होत नाही. रोज थोडं, मध्ये विश्रांती, पुन्हा थोडं, अशानं ती होते. अमेरिकेत अलीकडे काही निरोगी लोकांना सुमारे दोन आठवडे रोज अगदी सौम्य कॅप्सेसिनच्या पाण्यानं चूळ भरायला दिली गेली. तेवढ्या काळातसुद्धा त्यांना मिरची कमी झोंबू लागली. महिन्यातून एकदा जिवावर उदार होऊन खाण्यापेक्षा रोजचा चमचाभर कट जास्त काम करतो.

जाळ तोच, भीती गेली

तरीही सगळा हिशेब जिभेवर पूर्ण होत नाही.

पॉल रोझिन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या एका खेड्यात गेले. तिथे रोजच्या जेवणात मिरची असते. मुलं चार-सहा वर्षांची झाली की मोठ्यांचं पाहून आपण होऊन मिरची खायला लागतात. कुणी जबरदस्ती करत नाही, बक्षीसही देत नाही. त्या खेड्यातली कुत्री आणि डुकरं आयुष्यभर मिरची लागलेलं उष्टं खात आलेली. रोझिन यांनी त्यांना एक तिखट आणि एक बिनतिखट असं अन्न देऊन पाहिलं. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना तिखटाची आवड लागलेली नव्हती. तिखट खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या माणसांच्या जिभा तपासल्या, तर तिखट कितपत झोंबतं यात फरक होता, पण अगदी थोडा. मोठा फरक होता तो आवडीत.

मला हे वाचून वहिनीचं एक वाक्य आठवलं. ठेचा खाताना तिला विचारलं होतं, आता तिखट लागत नाही का तुला? ती म्हणाली, "लागतं की. जाळ लागतोच. पण आता भीती वाटत नाही."

जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात पहिल्यांदा बसताना पोटात गोळा येतो. शरीराला वाटतं, आता पडलो. दहा वेळा बसल्यावर शरीर तेच सांगत राहतं, पण मनाला ठाऊक असतं की खाली सुखरूप उतरणार आहोत, आणि त्या गोळ्याचीच गोडी लागते. मिरचीचंही असंच होतं. शंभर वेळा "भाजलं" असा निरोप येतो आणि शंभर वेळा काहीच भाजलेलं नसतं. हळूहळू मन तो निरोप वेगळ्या कानानं ऐकू लागतं. कुत्र्याला हे जमत नाही, कारण "हा धोका खोटा आहे" हे त्याला कुणी सांगू शकत नाही. माणसाच्या लेकराला समोर बसून हसत जेवणारं घर ते सांगत असतं.

आणि भीती ओसरली की आगीच्या मागे लपलेल्या चवी पुढे येतात. ब्याडगी मिरची रंगाला लालभडक, पण तिखटाला नरम, वासाला किंचित गोडसर. लवंगी बारकी, रंगाला साधी, पण जहाल. हिरवी मिरची तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत परतून, लसूण आणि शेंगदाण्याबरोबर ठेचली की येणारा करपट-गोड वास वेगळाच. ज्याचं तोंड जळतंय त्याला यातलं काहीच कळत नाही. तिखटाची सवय लावून घ्यावी असं मी म्हणतो ते याच चवींसाठी. मोठेपणा मिरवण्यासाठी नव्हे.

जन्मजात भाग यात मुळीच नाही, असं मात्र नाही. फिनलंडमध्ये जुळ्यांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिखटाच्या आवडीतल्या फरकांपैकी १८ ते ५८ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला दिसला. एकाच घरातल्या, एकाच ताटातल्या दोन भावांतही फरक राहतो तो त्यामुळे. पण एवढा भाग जन्माचा धरला तरी उरलेला घराच्या आणि ताटाच्या वाट्याला येतोच.

आईची पद्धत

वहिनीच्या वर्षभराकडे मागे वळून पाहतो तेव्हा त्यात एक क्रम दिसतो. आधी बिनतिखट कालवणाच्या वाटीत घरच्या कालवणाचा एक चमचा. महिनाभरानं दोन. मग वाटी बंद, पण ताटात दही किंवा ताक पक्कं. रविवारी मटण असलं की आधी पांढरा रस्सा आणि मग त्यातच तांबडा थोडा थोडा. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू असतात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून पांढऱ्याच्या सोबतीनं तांबडा सोसतो. चटणीसाठी मिरच्या घेताना आईनं त्या वर्षी लवंगी कमी करून ब्याडगी वाढवली होती. रंग तोच राहिला, जाळ उतरला, आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुलांच्या बाबतीत तर मी आग्रहानं सांगेन: तिखट खाल्लं नाही म्हणून मुलाला हसू नका, जबरदस्तीनं भरवू नका. ज्या घासाला भीती जोडली जाते तो पुढे वर्षानुवर्षं नकोसा होतो. ताटात ठेवा, तुम्ही खा, ते बघत राहील आणि एके दिवशी आपणहून बोट लावेल.

चौकट: घास फारच तिखट लागला तर

दूध, ताक किंवा दही घ्या आणि तोंडात थोडं फिरवा. दुधातली प्रथिनं कॅप्सेसिनला धरून जिभेवरून दूर नेतात. प्रयोगात साय काढलेलं दूधही सायीच्या दुधाइतकंच उपयोगी पडलं.

साखर किंवा गुळाचा खडाही जळजळ कमी करतो.

नुसत्या पाण्यानं तिखट धुतलं जात नाही. गार पाण्यानं बरं वाटतं, कारण दारांना गारवा मिळतो. पण ते गिळलं की जाळ परत येतो.

गरम चहा, गरम रस्सा टाळा.

मिरची चिरून हात चुरचुरत असतील तर आधी तेल चोळा, मग साबणानं धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका.

जीभ तयार, पोटाचं काय?

टीआरपीव्ही-१ ची दारं तोंडात संपत नाहीत. जठरात, आतड्यात, अगदी शेवटच्या टोकापर्यंत ती असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आग होते ती म्हणूनच. जिभेला सवय झाली म्हणजे पोटालाही झाली, असं समजू नये.

तिखटानं पोटात व्रण होतात, हा समज आता मागे पडला आहे. बहुतेक व्रणांचं मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूत आणि काही वेदनाशामक गोळ्यांत असतं. तो जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. पण ज्यांना आधीच व्रण आहे, आम्लपित्त आहे, छातीत जळजळ वर येते किंवा मूळव्याध आहे, त्यांचा त्रास तिखटानं वाढू शकतो. अशांनी सवय लावायच्या भानगडीत पडू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं. दमेकऱ्यांनी मिरचीच्या फोडणीच्या धुरापासून आणि डंकापासून लांबच राहावं.

अति जहाल मिरच्यांच्या स्पर्धाही मला पटत नाहीत. तिखटपणा मोजायची पट्टी विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये बनवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत न्यायचा की चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होतं. जितक्या पटींनी पातळ करावा लागला, तितके अंक. भोपळी मिरचीला शून्य. आसाम-नागालँडकडच्या भूत जोलोकियाला दहा लाखांच्या वर, म्हणून २००७ मध्ये गिनीज बुकानं तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हटलं. त्यानंतर माणसानं मुद्दाम पैदास करून आणखी जहाल वाण काढले आणि पुढचे विक्रम त्यांच्या नावावर गेले. अशी मिरची एका घासात खाण्यानं कसलीही सवय लागत नाही. शरीराला फक्त धक्का बसतो.

सवय सुटते

एमसीबी पडली की पुन्हा वर करता येते; मज्जातंतूची तर आपोआप वर येते. तिखट थांबलं की काही दिवसांत जीभ पूर्ववत होऊ लागते, हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि शिकायला परदेशी गेलेल्या मुलांच्या घरांतही ते दिसतं. दोन वर्षांनी मुलगा सुटीला येतो, आईनं मुद्दाम त्याच्या आवडीचं झणझणीत केलेलं असतं, आणि पहिल्याच घासाला तो "हाय हाय" करतो. आईला वाटतं, पोरगं बदललं. जीभ बदललेली असते. मन बहुधा तिथेच असतं, म्हणून आठवड्याभरात तो पूर्वीसारखा खाऊ लागतो. शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

वहिनी दर मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी जाते. तीन आठवडे आमसुलाचं सार, फणसाची भाजी, आंबे. यंदा परत आली त्या दिवशी घरात तांबडा रस्सा होता. तिनं नेहमीसारखा भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि तिचे डोळे भरले. आईनं समोरून पाहिलं. काही न बोलता उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी आणून वहिनीच्या ताटाशेजारी ठेवली.

"आधी हे घे," ती म्हणाली. "दोन दिवसात येतंय वळणावर."